गाडीचा हीटर आणि एसी: दोष कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी

गाडीचा एसी नीट थंड करेनासा झाला की ‘गॅस संपला असेल, भरून घ्या’ हा सल्ला सर्वात आधी मिळतो. गॅस हे इंधन नव्हे. तो जळत नाही आणि वापराने संपतही नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो लक्षणीय कमी झाला असेल तर कोठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता पुन्हा भरलेला गॅसही त्याच वाटेने निघून जाणार. शिवाय थंडावा कमी होण्याची अनेक कारणे गॅसशी संबंधित नसतात: तुंबलेला फिल्टर, सुटलेली केबल, न फिरणारा पंखा, सैल पट्टा. म्हणून बंद नळ्या उघडण्याची वेळ शेवटी यावी, आधी बाकी सर्व तपासून व्हावे, हा क्रम या लेखात धरला आहे.

येथे विचार केला आहे तो हाताने फिरवायच्या गोल कळा असलेल्या साध्या यंत्रणेचा. तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रणेत संगणक दोषांची नोंद ठेवतो, तसे येथे बहुधा काही नसते. मात्र येथील बहुतेक भाग कानांनी ऐकून, हाताने चाचपून आणि एका साध्या मल्टिमीटरने तपासता येतात.

हवेचा मार्ग समजून घ्या

डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, बाहेरची किंवा गाडीतलीच हवा ओढून या पेटीत ढकलतो. सर्व हवा आधी एसीच्या गॅसने थंड होणाऱ्या कूलिंग कॉइलमधून जाते. तिच्यापुढे एक झडप असते. ती हवेचा किती भाग इंजिनच्या उष्णतेने तापणाऱ्या हीटर कॉइलमधून न्यायचा आणि किती भाग तसाच पुढे सोडायचा हे ठरवते. तापमानाची कळ आपण फिरवतो तेव्हा बहुतेक गाड्यांमध्ये हीच झडप हलते. कळ थंडावा ‘वाढवत’ नाही, ती केवळ मिश्रण बदलते. यानंतरच्या झडपा हवा समोरच्या काचेकडे, चेहऱ्याकडे की पायांकडे जाणार हे ठरवतात.

यावरून तपासणीचे तीन प्रश्न मिळतात. हवा पुरेशा जोराने येते का? ती हव्या त्या ठिकाणी आणि हव्या त्या मिश्रणात येते का? उष्णता किंवा थंडावा मुळात तयार होतो का? हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत, कारण पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर तिसऱ्याचे उत्तर विश्वासार्ह मिळत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते उसळते आणि गंभीर भाजते. रेडिएटरसमोरचा विजेचा पंखा कधीही आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून सैल कपडे आणि हात त्यापासून दूर ठेवावेत. डॅशबोर्डचा भाग उघडायचा असेल तर बॅटरीचा ऋण टोकाचा जोड काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे, कारण तेथे एअरबॅग असतात. ज्या हायब्रिड वा विजेच्या गाड्यांत कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, उच्च दाबाच्या विजेवर चालतो, तेथे नारिंगी आवरणाच्या तारांना हात लावू नये. ते प्रशिक्षित माणसाचेच काम आहे.

हवा कमी येत असेल तर

प्रथम केबिन फिल्टर काढून पाहावा. तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. पुष्कळ उत्पादक तो वर्षातून एकदा किंवा सुमारे १५,००० ते २०,००० किलोमीटरनंतर बदलायला सांगतात. धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच बदलावा लागतो. फिल्टर काढून ब्लोअर चालवावा. हवा एकदम वाढली तर दोष सापडला. वाढली नाही, तर फिल्टरच्या जागेतून आत डोकावून वाळकी पाने, कागद किंवा उंदराने जमवलेला कचरा अडकला आहे का ते पाहावे.

ब्लोअर केवळ सर्वात वरच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर बंद राहतो, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिचे कारण नीट समजून घेणे योग्य ठरेल. खालच्या वेगांसाठी वीज एका रेझिस्टरमधून, म्हणजे तिला रोधून कमी करणाऱ्या भागातून जाते. सर्वात वरच्या वेगावर ती त्याला वगळून थेट मोटारीला मिळते. रेझिस्टर किंवा त्यावरचा उष्णतेने तुटणारा फ्यूज गेला की खालचे वेग नाहीसे होतात आणि वरचा तेवढा उरतो. रेझिस्टर हवेच्याच मार्गात, ब्लोअरजवळ बसवलेला असतो, म्हणजे तो गार राहतो. दोन स्क्रू आणि एक कनेक्टर काढला की तो हातात येतो.

नवा रेझिस्टर बसवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते. कनेक्टर वितळला किंवा काळवंडला असेल तर मोटार जास्त वीज ओढत असण्याची शक्यता मोठी असते. बेअरिंग कोरडे पडलेले असते किंवा पंख्यात काही अडकलेले असते. अशा वेळी फक्त रेझिस्टर बदलला तर तोही काही महिन्यांत जळतो. मोटार काढून पंखा बोटाने फिरवावा. तो हलका फिरून हळूहळू थांबायला हवा. अडखळत असेल किंवा करकरत असेल तर मोटार बदलावी आणि वितळलेला कनेक्टरही नवा लावावा.

ब्लोअर कोणत्याच वेगावर चालत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (विजेने चालणारा स्विच), मग मोटारीच्या कनेक्टरवरील व्होल्टेज असा क्रम ठेवावा. सर्वात वरच्या वेगावर मोटारीला बॅटरीइतके व्होल्टेज मिळत असूनही ती फिरत नसेल तर मोटार गेली आहे. व्होल्टेज मिळते पण कमी मिळते, तर मल्टिमीटरची एक तार मोटारीच्या ऋण टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून मोटार चालू असताना मोजावे. अर्ध्या व्होल्टहून बरेच जास्त दिसले तर अर्थिंगचा जोड गंजलेला किंवा सैल आहे. मोटार बंद असताना ही मोजणी करून उपयोग नाही, कारण वीज वाहत नसेल तर खराब जोडही चांगलाच दिसतो.

हवा जोरात येते, पण कळांचे ऐकत नाही

तापमानाची कळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावी आणि कान द्यावा. झडप टोकाला आपटल्याचा हलका ‘ठप’ असा आवाज दोन्ही टोकांना यायला हवा. कळ अगदीच हलकी फिरत असेल तर केबल सुटली किंवा तुटली आहे; फारच जड फिरत असेल तर केबल गंजली आहे किंवा झडप अडकली आहे. जड कळ जोर लावून फिरवू नये, कारण तिचा प्लास्टिकचा दांडा तडकतो.

केबल सुटली असेल तर दुरुस्ती सोपी आहे. तापमानाची कळ पूर्ण थंड टोकाला न्यावी. पेटीच्या बाजूला केबलचे टोक ज्या दांडीला अडकते ती दांडी हाताने थंड टोकापर्यंत पूर्ण ढकलावी, मग केबलचे बाहेरचे आवरण ओढून ढिलाई काढावी आणि त्याच स्थितीत ते चिमट्यात बसवावे. त्यानंतर कळ दोन्ही टोकांना नेऊन दांडी पूर्ण फिरते का ते डोळ्यांनी पाहावे. झडप थंड टोकाला दोन-चार मिलिमीटर जरी उघडी राहिली तरी गरम हवेची धार थंड हवेत मिसळत राहते आणि एसी निर्दोष असूनही हवा कोमट लागते.

असा संशय असेल तर एक उत्तम चाचणी आहे. हीटरकडे जाणारी रबरी नळी, ती मऊ आणि सुस्थितीत असेल तरच, गुळगुळीत जबड्याच्या चापाने काही मिनिटे दाबून ठेवावी. हीटर कॉइलमध्ये गरम कूलंट जाणे थांबल्यावर येणारी हवा स्पष्टपणे थंड झाली, तर दोष गॅसमध्ये नाही, झडपेत आहे. जुनी, कडक झालेली नळी मात्र दाबू नये, ती तडकते.

काही जुन्या गाड्यांमध्ये दिशा बदलणाऱ्या झडपा इंजिनच्या निर्वात ओढीवर चालतात. अशा गाडीत चढावर किंवा जोरात वेग घेताना हवा चेहऱ्याकडून अचानक काचेकडे वळली, तर बारीक निर्वात नळी कोठेतरी फाटली आहे किंवा सुटली आहे असे समजावे.

हीटर गरम करत नसेल तर

इंजिन पूर्ण तापल्यावर तापमानाची कळ गरम टोकाला ठेवावी आणि बोनेटच्या मागच्या भिंतीतून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना सांभाळून, क्षणभरच हात लावावा. दोन्ही नळ्या चांगल्या गरम आहेत, तरी हवा थंड येते: झडप किंवा केबलचा दोष. एक गरम आणि दुसरी बरीच गार: हीटर कॉइल तुंबली आहे किंवा कूलंटचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट: कूलंट कमी आहे, नळ्यांत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी, तापमानानुसार उघडणारी झडप) उघडाच राहिला आहे किंवा पाण्याचा पंप नीट ढकलत नाही. थर्मोस्टॅट बहुधा ८० ते ९० अंश सेल्सियसच्या आसपास उघडतो. तो उघडाच अडकला असेल तर मोकळ्या रस्त्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा खाली घसरतो, ही त्याची खूण आहे.

तुंबलेली कॉइल बदलण्यापूर्वी उलट्या दिशेने धुऊन पाहावी, कारण ती बदलण्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. इंजिन गार झाल्यावर दोन्ही नळ्या काढाव्यात, ज्या तोंडातून कूलंट बाहेर येते तेथून स्वच्छ पाणी हलक्या दाबाने सोडावे आणि गाळ निघून पाणी निर्मळ येईपर्यंत ते चालू ठेवावे. नळाचा पूर्ण जोर कधीही देऊ नये. या कॉइलची पत्रे पातळ असतात. निघालेले कूलंट भांड्यात जमा करावे. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे जमिनीवर सांडलेले कूलंट जनावरे चाटतात आणि दगावतात.

यंत्रणा पुन्हा भरताना उत्पादकाने सांगितलेलेच कूलंट घ्यावे. ते तयार मिश्रण नसेल तर सांगितलेल्या प्रमाणात शुद्ध पाण्यात मिसळावे. हीटरची कळ गरम टोकाला ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरावे.

काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धुके साचते, गोडसर वास येतो आणि पायाखालचे कार्पेट ओले होते, तेव्हा हीटर कॉइल गळत आहे. ती धुऊन बरी होत नाही, बदलावीच लागते. कूलंटमध्ये ओतायचे गळतीरोधक द्रव्य मी सुचवणार नाही. ते गळक्या जागेबरोबर चांगल्या वाहिन्याही बुजवते.

एसी थंड करत नसेल तर

इंजिन चालू असताना दुसऱ्या माणसाला एसीचे बटण दाबायला सांगावे आणि कॉम्प्रेसरकडे पाहावे. क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा चुंबकीय जोड, असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये ‘टक’ असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लच नसतो. तेथे हा आवाज येणार नाही.

चकती फिरत नसेल तर क्लचच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट पोचतात का ते मोजावे. पोचत असतील आणि क्लच ओढला जात नसेल, तर त्याची कॉइल तुटली आहे किंवा चकती व पुली यांतील फट झिजून वाढली आहे. कॉइलचा रोध बहुधा ३ ते ५ ओहम असतो आणि फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नेमके आकडे त्या कॉम्प्रेसरच्या माहितीपत्रकात पाहावेत. एसी गार इंजिनवर व्यवस्थित चालतो आणि अर्ध्या तासाने क्लच सुटतो, तेव्हा मला सर्वात आधी या फटीचा संशय येतो: तापलेल्या कॉइलचा रोध वाढतो, तिची चुंबकीय ओढ कमी होते आणि वाढलेली फट तिला ओलांडता येत नाही. पुष्कळ क्लचमध्ये चकतीमागचा एक पातळ वॉशर काढून ही फट पुन्हा नीट करता येते.

क्लचला व्होल्टेजच पोचत नसेल तर फ्यूज आणि रिले पाहून दाबाच्या स्विचकडे यावे. गॅस फार कमी झाला की हा स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर फिरते आणि गॅसविना तो कोरडा घासून निकामी होतो. म्हणूनच हा स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नये.

कॉम्प्रेसर फिरत असेल तर लक्षणे बारकाईने पाहावीत. धावताना थंड आणि सिग्नलवर उभे असताना कोमट, असे होत असेल तर रेडिएटरसमोरच्या, तापलेला गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरला हवा मिळत नाही. त्याचा पंखा फिरतो का ते पाहावे आणि पत्र्यांतील चिखल व किडे पाण्याच्या हलक्या धारेने काढावेत. सुरुवातीला उत्तम थंड हवा येते, मग हवेचा जोरच हळूहळू कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होतो, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमत आहे; तिच्यावरील तापमान ओळखणारा सेन्सर तपासावा.

मग नळ्या चाचपाव्यात. कॉम्प्रेसरकडे परतणारी जाड नळी थंड आणि दवाने ओली हवी. कंडेन्सरमधून बाहेर येणारी बारीक नळी गरम हवी. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीला हात लावू नये, ती भाजण्याइतकी तापते. जाड नळी थंडगार आहे आणि आत हवा मात्र कोमट येते, तर पुन्हा मिश्रणाच्या झडपेकडे वळावे.

गेज, गॅस आणि गळती

येथून पुढचे काम योग्य साधने आणि परवाना असलेल्या तंत्रज्ञाकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक देशांत गॅस हवेत सोडणे कायद्याने गुन्हा आहे. आर-१३४ए हा अनेक वर्षे सर्वत्र वापरला गेलेला गॅस ओझोनला इजा करत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवर उकळतो, त्यामुळे त्याचा फवारा त्वचा आणि डोळे गोठवतो. नव्या गाड्यांतील आर-१२३४वायएफ काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. मात्र तंत्रज्ञ काय करतो आहे हे मालकाला कळावे, म्हणून मापांचा अर्थ सांगतो.

यंत्रणा बराच वेळ बंद असताना आर-१३४ए चा दाब केवळ तापमानावर ठरतो: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (गेजवरचे दाबाचे एकक), ३० अंशांना सुमारे ९७. दाब याहून बराच कमी असेल तर द्रवरूप गॅस उरलेलाच नाही. उलट दाब बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असे मात्र नाही, कारण थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो. यंत्रणा चालू असताना कमी दाबाच्या बाजूला ३० पीएसआयच्या आसपासचा दाब म्हणजे कूलिंग कॉइल जवळजवळ शून्य अंशावर आहे. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर गार होत नाही, गॅस जास्त भरला आहे किंवा आत हवा शिरली आहे. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली असेल तर कॉम्प्रेसर झिजला असण्याचा संभव मोठा. कमी बाजू निर्वाताकडे घसरत असेल तर गॅस कूलिंग कॉइलमध्ये बारीक वाटेने सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला आहे किंवा आतल्या ओलाव्याचा बर्फ त्यात अडकला आहे.

गळती शोधताना तेलाचे डाग पाहावेत. गॅसबरोबर तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. जोडांवरचे रबरी ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, दगड लागलेला कंडेन्सर आणि गॅस भरण्याचे सर्व्हिस व्हॉल्व्ह ही नेहमीची ठिकाणे आहेत. दाब देऊन तपासायचे असेल तर कोरडा नायट्रोजन वापरावा. दाबाची हवा किंवा ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो.

नळ्या उघडल्या असतील तर ओलावा शोषणारा ड्रायर आणि उघडलेल्या जोडांचे ओ-रिंग नवे घालावेत. निर्वात पंप किमान अर्धा तास चालवावा, म्हणजे आतील पाणी कमी दाबाला उकळून निघून जाते. मग पंप बंद करून काटा काही काळ स्थिर राहतो का ते पाहावे. गॅस बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये, वजन करून भरावा. ‘गेज पाहून अंदाजाने भरतो’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये. लहान गाडीत एकूण गॅसच अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि शंभर ग्रॅमची चूकही थंडाव्यावर दिसते.

वास, पाणी आणि शेवटची चाचणी

एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकणे हे यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण आहे. ते ठिबकत नसेल आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखाली ओल येत असेल, तर पेटीची निचरा नळी तुंबली आहे. ती खालून बारीक, मऊ तारेने हळुवार मोकळी करावी. कुबट वासाचे मूळही साचलेल्या ओलीतच असते, म्हणून सुगंधी फवाऱ्याआधी निचरा, फिल्टर आणि कूलिंग कॉइलची स्वच्छता पाहावी.

दुरुस्तीनंतर मधल्या झरोक्यात थर्मामीटर ठेवावा, आतलीच हवा फिरवणारी कळ लावावी, ब्लोअर मधल्या वेगावर ठेवावा आणि इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर दहा मिनिटे चालवावे. सौम्य हवामानात ५ ते १० अंश मिळायला हवेत. कडक उन्हात आणि दमट हवेत आकडा काही अंश वर राहतो. त्या दिवसाचे बाहेरचे तापमान, झरोक्यातील तापमान आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी याच पद्धतीने पुन्हा मोजल्यावर गॅस हळूहळू गळतो आहे की नाही, हे या नोंदीवरूनच कळेल.